बावीस अंश

प्रयोगशाळेत बाराही महिने बावीस अंश.
मी थर्मास भरायचो, बूच पिळायचो,
उलटा धरायचो, टेबलाएवढ्या उंचीवरून पाडायचो
आणि फॉर्मवर सही: बिदार्त. बिदार्त. बिदार्त.
दिवसाला चाळीस. अकरा वर्षं.

आमच्या उरुग्वेत माणूस घराबाहेर पडतो
तो काखेत थर्मास घेऊनच.
हातात येर्बाचा भोपळा, त्यात नळी.
पोर कडेवर घ्यायचं असलं
तरी आधी थर्मास, मग पोर.

कंपनीचं चिन्ह होतं तेरो पक्षी,
टिटवीचाच भाऊबंद.
अंडी एकीकडे, ओरडा दुसरीकडे:
आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

एल्बिया इराओला, वय सेहेचाळीस,
सारांदी ग्रांदेजवळच्या गोठ्यावर धारा काढते.
जुलैची पहाट, चार वाजलेले,
कुरणावर गोठलेलं दहिवर बुटाखाली करकरत होतं.
थर्मास रात्रभर पिकअपच्या हौद्यात राहिलेला.
तिने किटलीतलं पाणी ओतलं, बूच लावलं.
आतली काच फुटली. आवाज, म्हणे,
गाईने बादलीला लाथ मारावी एवढाच.
बूच उडालं, मग पाणी, मग काचा.
गळा, हनुवटी, डावा कान.
गाई भरल्या कासांनी दुपारपर्यंत हंबरत होत्या.

कोर्टात आमचे वकील उठले.
पाणी रेषेच्या वर भरलं होतं का, बाई?
बूच नीट पिळलं होतं का?
माहितीपत्रक वाचलं होतं का?
बाकावर बसून मी ऐकत होतो.
ओरडा मोठा होता.
अंडी तिकडे नव्हती.

मग मला उभं केलं.
न्यायाधीश सुनीनोबाई, चष्मा नाकाच्या टोकावर:
"हे अनपेक्षित होतं?"
म्हटलं, फॉर्मवर थंडीचा रकाना नव्हता.
"ते नाही विचारलं.
जुलैत दहिवर पडतं, हे अनपेक्षित होतं?
आणि कुणाला?"

वाक्य माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं:
"तत्कालीन ज्ञानाच्या मर्यादेत कल्पना करणे शक्य नव्हते."
जिभेवर आलंही.
पण आठवली मिर्ता, माझी बायको,
हिवाळ्यात थर्मास भरण्याआधी
घोटभर कोमट पाणी आत घालून
खळखळ विसळून मोरीत ओतणारी,
वीस वर्षं, माझ्यादेखत.
मी कधी विचारलं नाही, का गं?
तिनेही सांगितलं नाही.
काचेच्या पेल्यात कढत चहा ओतताना
आत चमचा ठेवतात, ते कोण कुणाला सांगतं?

माझ्या घराला माहीत होतं.
माझ्या फॉर्मला नव्हतं.
आणि दोन्हींच्या मधल्या रस्त्यावर
मी रोज सायकलने जात-येत होतो.

एवढंच सांगितलं.
वकिलांनी मोबाईल टेबलावर पालथा ठेवला.

कंपनीने पैसे भरले. आकडा सांगायचा नाही, अशी अट आहे.
मला "नवी जबाबदारी" म्हणून गोदामात धाडलं;
तिथे हिवाळ्यात हिवाळा असतो.
फॉर्मवर आता रकाना आहे, सही दुसऱ्याची.
खोक्यात पत्रक, घडीच्या आत घडी,
नववी सूचना: थंडीत प्रथम कोमट पाण्याने विसळून घ्यावे.
मिर्ताने चष्मा लावून वाचलं.
"हळूहळू, असं कुठे लिहिलंय?" म्हणाली,
आणि पत्रक ड्रॉवरमध्ये टाकलं, दोऱ्यांच्या रिळांपाशी.

परवा सारांदीच्या बस थांब्यावर एल्बिया दिसली.
डिसेंबरचं ऊन, तरी गळ्याला रुमाल.
मला ओळखलं असावं; मान हलवल्यासारखी वाटली,
किंवा बस येतेय का बघत असेल.
थर्मास होता तिच्याकडे, दुसऱ्या कंपनीचा.
काखेत नव्हता.
हातभर लांब धरला होता,
परक्याचं रडकं मूल
आई येईपर्यंत धरतात तसा.